सव्वा वर्षानं मोठी

दादा,

आज एक जून. सकाळपासून मोबाईल वाजतोय. आपल्या गावच्या शाळेत शिकलेल्यांचा एक ग्रुप आहे आणि त्यावर आज जवळपास सगळ्यांचाच वाढदिवस आहे. जो तो दुसऱ्याला शुभेच्छा देतोय आणि स्वतःच्याही घेतोय. कुणीतरी केकचं चित्र टाकून खाली लिहिलंय, ‘गुरुजींच्या सगळ्या लेकरांना’. गुरुजी म्हणजे तुम्ही. त्या लेकरांत माझंही नाव आहे. त्या सगळ्यांत खरोखरची लेक मी एकटीच आहे आणि एक जून माझीही नाही. मी पोळ्याच्या करीची. पण कागदावर मी आज पंचेचाळीस पूर्ण केली आणि त्याबरोबर ऑस्ट्रेलियाला नर्स म्हणून जायचा, तिथं कायमचं राहायचा माझा अर्ज आज आपोआप बाद झाला. तुम्ही गेलात तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे हे सगळं तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं. आज मला सुट्टी आहे. हे ड्यूटीवर गेलेत, मुलगी क्लासला. पडेगावच्या या फ्लॅटमध्ये दुपारी पंख्याशिवाय कशाचा आवाज नसतो.

त्या देशाला लागतील तेवढीच शिकलेली माणसं ते मोजून घेतात. शिक्षणाला गुण, इंग्रजीला गुण, अनुभवाला गुण. वयालाही गुण असतात. चाळिशीच्या पुढं ते कमी होतात आणि पंचेचाळिसाव्या वाढदिवसाआधी तिकडून बोलावणं आलं नाही तर नावच निघतं. मी इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा निबंधात अर्ध्या गुणानं राहिले. तुम्ही असता तर म्हणाला असता, निबंधात राहिलीस, माझी मुलगी असून. मग कागद जमवले, अर्ज भरला, वाट बघायला लागले. तेवढ्यात तिकडचे नियम बदलले. थोडे स्थिरावले आणि परत बदलले. कुठल्या राज्यात किती जागा, कुठल्या कामाला आधी बोलावणार, हे दर काही महिन्यांनी नव्यानं ठरतं. मध्येच काही देशांच्या नर्सना तिकडं नोंदणी करायचा सोपा रस्ता झाला. त्या यादीत आपण नव्हतो. अर्जाचं बघणारा मुलगा, क्रांती चौकाकडं त्याचं ऑफिस आहे, दर वेळी म्हणायचा, ‘मॅम, थोडं थांबा, पुढच्या राउंडला होऊन जाईल.’ बोलायला गोड आहे. पण त्याचं वय अठ्ठावीस असेल. थोडं थांबणं म्हणजे काय हे त्याला अजून कळायचंय.

मला का जायचं होतं हे कुणी नीट विचारलं नाही. सगळे मुलीसाठी म्हणायचे आणि मीही तेच सांगत होते. त्यात खोटं काही नव्हतं. पण आमच्या हॉस्पिटलातून गेलेली एक ज्युनिअर मुलगी एकदा फोनवर म्हणाली, ‘ताई, इथं आपण पेशंटजवळ पाच मिनिटं बसलो ना, तर कुणी कामचोर म्हणत नाही.’ त्या एका वाक्यावर मी ही वर्षं काढली. आमच्या वॉर्डात बसायला मिळत नाही, दादा. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात सलाईन, आणि मागून कुणाचा तरी भाऊ ओरडत येतो, ‘ओ सिस्टर, आमचा माणूस मरायलाय अन् तुम्ही फिरायला लागल्या का?’ मी वळून शांतपणे सांगते. इतकी वर्षं शांतपणेच सांगत आले. अलीकडं घरी आल्यावर मुलीनं साधं काही विचारलं तरी तोच शांत आवाज निघतो आणि मुलगी म्हणते, ‘आई, मी पेशंटची नातेवाईक नाहीये.’

आता तुमच्याकडं येते. जून लागला की आपल्या शाळेच्या ओट्यावर बाया लेकरांचे हात धरून उभ्या असायच्या. तुम्ही विचारता, ‘जन्म कधीचा?’ कुणी म्हणते, ‘विहिरीला पानी लागलं ना गुरुजी, त्या साली.’ कुणी म्हणते, ‘सासरा वारला अन् हा झाला.’ तुम्ही बोटांवर हिशेब करता, वर बघता. मग पटावर एक जूनच लिहिता. तारीख सगळ्यांना तीच, साल तेवढं वेगळं, आणि सालात तुम्ही हात सैल सोडायचात. मुलगा चुणचुणीत दिसला की वर्षभरानं लहान करून टाकायचात, पुढं सरकारी नोकरीच्या परीक्षांना वय पुरावं म्हणून. त्यातले किती पोलीस झाले, किती तलाठी झाले. आजही ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, गुरुजींनी दिलेल्या एका वर्षात मी लागलो.

मला मात्र तुम्ही मोठं केलंत. त्या वर्षी आई रोजानं खुरपायला जायची आणि मला बांधावर बसवायची. तिथं मला विंचू चावला. मला आठवतो तो तुमच्या सायकलचा दांडा, टोचणारा, आणि तुमचा घामेजलेला सदरा. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला शाळेत नेऊन पहिलीच्या मुलांत बसवलंत. नावाशिवाय. मग साहेब तपासणीला येणार असं कळलं. पटावर नाव नसलेली, तीही मास्तरचीच मुलगी वर्गात बसलेली दिसली असती तर बोलणी बसली असती. त्या संध्याकाळी तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत, ‘घातलं हिचं नाव. सहा पूर्ण लिहिलीत.’ मला तेव्हा पाचही झाली नव्हती. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती वर न बघता म्हणाली, ‘लोकायच्या लेकरायला धाकटं करता अन् आपल्या पोरीला म्हातारी.’ तुम्ही हसलात. म्हणालात, ‘हिला कुठं परीक्षेला वय कमी पडणारंय? ही लवकर शिकंल, लवकर पायावर उभी राहील.’ दोन्ही खरं झालं. मी माझ्या वर्गात कायम सगळ्यांत बुटकी होते, आणि सगळ्यांच्या आधी नोकरीला लागले.

आणि शाळेत तुम्ही मला ओळख दाखवायचा नाहीत. एकदा मी पाढा विसरले आणि रडकुंडीला येऊन ‘दादा’ म्हणाले. तुम्ही खडू खाली ठेवलात. ‘इथं दादा कुणी नाही. गुरुजी म्हण आणि पहिल्यापासून म्हण.’ अख्खा वर्ग हसला. घरी जाताना सायकलवर मी दांडा घट्ट धरून पुढंच बघत होते. उतारावर तुम्हीच म्हणालात, ‘आता दादा म्हटलं तरी चालंल.’

एक मात्र तुमचं मला फार उशिरा कळलं. ती एक तारीख खोटी लिहिलीत आणि त्यानंतर जन्मभर ती खऱ्यासारखी पाळलीत. तालुक्याला, कन्नडला जायची एसटी आठवते. मी सहावी संपवून सातवीत गेलेली, दिसायला दुसरीची. कंडक्टर तुमच्या ओळखीचा. तो म्हणतो, ‘गुरुजी, लेकीचं अर्धं फाडतो.’ तुम्ही म्हणता, ‘पूर्ण फाडा. बारा झाली तिला.’ तो माझ्याकडं बघतो, तुमच्याकडं बघतो. ‘बारा? अहो, सीटवर पाय टेकंना की पोरीचे.’ मागची म्हातारी म्हणते, ‘मास्तर, खायाला घालीत जा तिला.’ सगळी गाडी हसते. मी लाजेनं खिडकीबाहेर बघते. तुम्ही मात्र पूर्ण तिकीट घेऊन नीट घडी घालून खिशात ठेवता. घरी आईनं हे ऐकलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. तुम्ही म्हणालात, ‘आपणच लिहिलं ना? मग आता ते फायद्याचं असलं तरी आपलं, तोट्याचं असलं तरी आपलं.’

गेल्या वर्षी आमच्यात एकदा निराळाच विषय निघाला. यांनी कुठंतरी वाचलं होतं की तिकडचं नागरिकत्व घेतलं की आपला पासपोर्ट परत करावा लागतो, दोन्हीकडचं ठेवता येत नाही. हे फार बोलणारे नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, ‘तुझ्या वडलांना चाललं असतं का?’ मी म्हटलं, अजून बोलावण्याचा पत्ता नाही, नागरिकत्व लांब राहिलं. पण मला तुमचा नागरिकशास्त्राचा तास आठवत राहिला. इतर मास्तर तो तास गणिताला देऊन टाकायचे. तुम्ही त्या तासाला आधी फळा स्वतः पुसायचात. एकदा वर्गात कुणी विचारलं, नागरिक म्हणजे काय हो गुरुजी, गावकरीच ना? तुम्ही म्हणालात, ‘गावकरी सगळ्यांना एका विहिरीवर पाणी भरू देतातच असं नाही. नागरिकाला कुणी अडवू शकत नाही.’ मग खिडकीबाहेर बघत, आपल्या वस्तीकडं बघत म्हणालात, ‘आपल्यातल्या काहींच्या घरात हा शब्द फार उशिरा आलाय. जपून वापरा.’ जपून वापरलेला शब्द परत करून दुसऱ्या देशाचा घ्यायचा, याला तुम्ही काय म्हणाला असता? कधी वाटतं, रागावला असता. कधी वाटतं, म्हणाला असता, जिथं तुला बसायला देतात तिथं बस. तुम्ही इतक्या लवकर गेलात की तुमचं कुठलंच मत माझ्याकडं पूर्ण नाही.

हिवाळ्यात ऑफिसातल्या त्या मुलानं मला बोलावून घेतलं. कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवून म्हणाला, ‘मॅम, बाकी सगळं ओके आहे. जूनच्या आत नाही आलं तर मात्र खेळ खल्लास.’ मी सहज म्हणून गेले, जून माझा खरा नाहीच. त्यानं पेन खाली ठेवलं. ‘म्हणजे?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘अरे मॅम, पहिले बोलायचं ना. जन्माची खरी नोंद कुठं मिळाली, तर कोर्टातून दुरुस्ती, गॅझेट, नवा पासपोर्ट. वर्ष-सव्वा वर्ष हातात येतं.’ मी विचारलं, ते लोक मानतील का? खरं तर आहे हे. त्यानं पडदा परत स्वतःकडं वळवला. म्हणाला, ‘खरं आहे का ते कोण बघतं, मॅम? सगळे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. ऐन वेळेला तारीख बदललेली दिसली तर प्रश्न विचारतील, कदाचित नाकारतील. पण ट्राय करायला काय जातं?’

म्हणून मी कन्नडला गेले. माझा जन्म तिथल्या सरकारी दवाखान्यातला, आईला दोन-तीन दिवस आधीच बैलगाडीतून नेलं होतं. नोंद सापडली. आईचं नाव, तुमचं नाव, पोळ्यानंतरचा दिवस. साक्षीला कुणीतरी त्या वेळचं माणूस लागणार होतं आणि आईही आता नाही, म्हणून तिथून जीपनं मावशीकडं गेले. मावशी आता वाकली आहे, पण जीभ तशीच. म्हणाली, ‘व्हय गं, करीलाच झालीस तू. बैलायच्या शिंगाचा रंग बी वाळला नव्हता. मी सोता होते की तिथं.’ मी म्हटलं, मावशी, हे वकिलांपुढं सांगशील? ‘सांगंन की. पन कशाला लागतंय?’ मी ऑस्ट्रेलिया, वय, नियम, जमेल तेवढं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. ‘मंग तिकडं वय इचारून पानी देतेत का पावन्याला?’ मी हसले. ‘तसंच समज.’ ती म्हणाली, ‘चवेचाळीस म्हन नायतर पंचेचाळीस म्हन, गुडघे तर दुखायलेत ना तुझे? आत्ता उठताना भिताडाला धरलंस, मी पाहिलं.’ मग जरा वेळानं, आवाज उतरवून, ‘तुझ्या बापानं लई हौसेनं घातलं होतं तुझं नाव. म्हन्ला, आता दिवसभर माझ्या डोळ्यापुढं राहील.’ हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही साहेबांच्या भीतीनं घातलंत.

वकिलांचं टेबल कोर्टाबाहेर आहे, वर प्लास्टिकचं छप्पर. त्यांनी तयार मजकुरात माझं नाव टाकून कागद पुढं सरकवला. मी वाचत गेले. ‘माझे आई-वडील अशिक्षित असल्याने शाळेत दाखल करतेवेळी त्यांनी अंदाजे व चुकीची जन्मतारीख सांगितली.’ मी म्हटलं, हे बरोबर नाही, माझे वडील शिक्षक होते. वकिलांनी चष्मा वर केला. ‘कुठल्या शाळेत?’ त्याच शाळेत, मी म्हटलं. तारीख त्यांनीच लिहिली. वकील मागं टेकून बसले. ‘मग तर अवघड झालं, ताई. अडाणी माणूस चुकला तर कोर्ट समजून घेतं. मास्तरनं चुकीचं लिहिलं म्हणजे मुद्दाम लिहिलं.’ मुद्दामच लिहिलं, मी म्हणाले. ते परत पुढं झुकले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘हे बघा, सगळ्यांच्या कागदात हेच असतं. अशिक्षित लिहिलं की पुढं प्रश्न येत नाही. कोण बघणारंय? वडील तर वारले ना?’

आपल्या घरात पाटीला पहिला हात तुमचा लागला. आजोबा गावकीची कामं करत आणि तुम्हाला घाट उतरून चालत शाळेला पाठवत. तुमच्या डी.एड.च्या निकालाच्या दिवशी ते दिवसभर अंगणात बसून होते, आत यायला तयार नव्हते, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं होतं त्यांना. हे मी आईकडून इतक्यांदा ऐकलंय की मीच पाहिल्यासारखं वाटतं. मी कागद वकिलांपुढं परत सरकवला. म्हटलं, विचार करून येते. मावशीला फोन केला की येऊ नकोस. ती म्हणाली, ‘बरं झालं, माझं बी कापूस निवडायचं राहिलंय.’

त्यानंतर मी गेलेच नाही. नंतरच्या राउंडना बोलावणं आलं नाही, आणि मे संपला. वकिलांकडून आले त्या दिवशी घरी मी एवढंच सांगितलं होतं की दादांना अशिक्षित म्हणणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही. यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मुलगी ऐकत होती. तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोनवर सांगत होती, ‘माझ्या आईनं आजोबांसाठी ऑस्ट्रेलिया सोडलं.’ ते तिच्या तोंडून कुणाकडं, तिथून कुणाकडं गेलं, आणि आज तुमच्या लेकरांच्या ग्रुपवर केकच्या चित्राखाली कुणीतरी माझ्यावर चार ओळी लिहिल्यात. गुरुजींची मुलगी कशी असावी, वगैरे. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली आहे. मी अजून काही उत्तर दिलेलं नाही. त्याऐवजी इथं तुम्हाला लिहीत बसले, जे कुठं पाठवता येत नाही.

मी सही केली नाही, हे खरं आहे. तुमच्यासाठी केली नाही, एवढं मात्र पूर्ण खरं नाही. त्या टेबलापुढं बसले होते तेव्हा तुमच्याविषयीचं ते वाक्य माझ्या नजरेला पडायच्या आधीच मला पुढचं सगळं दिसलं होतं. कोर्टाच्या तारखा, नवा पासपोर्ट, परत इंग्रजीची परीक्षा, परत पुढचा राउंड, आणि एखाद्या दिवशी बोलावणं आलंच तर या वयात परक्या वॉर्डात नव्यानं ज्युनिअर होणं. मी दमले होते, दादा. फार दमले होते. मला फक्त उठून घरी यायचं होतं, आणि घरी सांगायला काहीतरी हवं होतं. मग ते वाक्य दिसलं. ते दिसलं नसतं तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. तुमचं नाव हाताशी होतं, ते पुढं केलं.